झुबाऱ्याचा किल्ला, आणि जो किल्ला नव्हता तो

कतारमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि मी दर महिन्याला तेच उत्तर देतो, की झुबारा. देशाच्या वायव्य टोकाला वाळवंटात एकटा उभा असलेला किल्ला. अकरा वर्षं मी इथे अल खोरला राहतोय, आणि तिथे चौदा वेळा एकटाच गेलो. तरी ब्लॉगवर त्याच्याबद्दल कधी लिहिलं नाही. आपल्याकडच्या वाचकांनी सह्याद्री पाहिलेला, त्यांना हा सपाटीवरचा चौकोनी किल्ला दाखवला तर म्हणतील, हे काय, हा तर तालुक्याच्या तुरुंगाएवढा आहे. पंधराव्यांदा मात्र मी एकटा नव्हतो. म्हणून लिहितोय.

सप्टेंबरमध्ये नीलचा मेसेज आला. नील म्हणजे माझा मुलगा. वय वर्षं एकोणीस, मुक्काम ऑस्ट्रियातलं लिंझ, आईजवळ. तो सहा वर्षांचा असताना मी तिथून निघालो, त्यानंतर आमची भेट म्हणजे दर दोन वर्षांनी आठ दिवस आणि रविवारचा फोन. मेसेज होता तीन ओळींचा. मेलबर्नला चाललोय, विमान दोहावरून आहे, मध्ये दोन दिवस ठेवलेत, जमेल का?

जमेल का म्हणे! मी सुपरवायझरला लगेच सांगून टाकलं की त्या शुक्रवारी-शनिवारी प्लँट कोसळला तरी मला बोलवायचं नाही. मग दोन आठवडे खोली आवरत बसलो.

मेलबर्नला कशाला, तेही सांगतो. ऑस्ट्रियात मुलांना अठरा झाल्यावर फौजेत सहा महिने जावं लागतं. बंदूक नको असेल तर नऊ महिने रुग्णवाहिकेवर, वृद्धाश्रमात वगैरे काम करायचं. आणि तिसरी वाट अशी, की परदेशात जाऊन दहाएक महिने होलोकॉस्टच्या स्मरणाचं काम करायचं. हिटलरच्या राजवटीत ज्यू लोकांचा जो संहार झाला, त्याच्या आठवणी जपणारी संग्रहालयं, दफ्तरखाने, त्यातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांचे आश्रम, असे जगभर आहेत. तिथे ही पोरं राबतात. ज्या देशाच्या माणसांनी ते केलं, त्या देशाची पोरं. सरकार ते देशसेवा म्हणून धरतं. नीलने ते निवडलं. फोनवर मी म्हणालो होतो, "अरे, फौजेत गेला असतास तर सहा महिन्यांत खलास, मोकळा."

गुरुवारी संध्याकाळी विमानतळावर गेलो. पोरगा बाहेर आला तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. मिठी मारताना माझी हनुवटी त्याच्या खांद्याला लागली. पाठीवर एकच पिशवी, अंगात बिनइस्त्रीचा शर्ट. मी मराठीत विचारलं, "दमलास का?" तो जर्मनमध्ये म्हणाला, नाही. आमचं असंच चालतं. मी मराठीत, तो जर्मनमध्ये. त्याला मराठी सगळं कळतं, बोलायला जीभ वळत नाही. इथे मी त्याचं बोलणं मराठी करून लिहितोय. जर्मनमध्ये बापालाही सरळ तू म्हणतात, तेव्हा तो मला तू म्हणाला तर उर्मटपणा समजू नका.

विमानतळावरून अल खोर पाऊण तास. रस्ता पाच पदरी, सुतासारखा सरळ, आणि कॅमेरे इतके की पाय जड झाला की दंड ठरलेला. मी एकटा असलो की या रस्त्यावर झोप येते. त्या दिवशी मात्र तोंडाची टकळी थांबेना. हे स्टेडियम, ती नवीन वसाहत, इकडे पेट्रोल स्वस्त, तिकडे मासळी ताजी. नील ऐकत होता. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबायचो, तो काही बोलायचा नाही, म्हणून मग पुन्हा मीच. घरी पोचेपर्यंत माझा घसा बसला.

घरी सुरमई तळायला मसाला लावून ठेवली होती. ती बघून तो जरा अवघडला आणि म्हणाला, "बाबा, मी प्राण्यांचं काहीच खात नाही. दूधसुद्धा."

"तूप?"

"नाही."

"दही तरी?"

"बाबा."

मी दोन आठवडे काय काय आणून फ्रीज भरला होता! श्रीखंड, पनीर, अंडी. शेवटी मटकी भिजवलेली होती ती वाचवायला आली. उसळ, भात आणि लिंबू. तीन वेळा घेतली त्याने. मी एकट्यापुरता स्वयंपाक करून इतका सरावलोय की दोघांना पुरेल एवढा भात लावायचा अंदाज चुकला, आणि शेवटी माझ्या ताटात सुरमईच जास्त होती.

शुक्रवारी सकाळी इथे सगळं बंद असतं, त्यामुळे बाहेर पडलो ते चार वाजता. अल खोरच्या उत्तरेला थखिराची खारफुटी आहे. कोकण पाहिलेल्या माणसाला त्यात नवल नाही, पण एवढ्या वाळूनंतर हिरवं दिसलं की डोळ्यांना बरं वाटतं. कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी होडी, भाड्याने मिळते. आम्ही नुसतेच काठाने चाललो, बूट हातात घेऊन. ऑक्टोबर सुरू झाला होता तरी अडतीस अंश. तुम्ही येणार असाल तर नोव्हेंबरनंतर या, उगाच जिवाचे हाल नकोत.

तिथे चिखलात चालताना त्याने कामाबद्दल सांगितलं. आश्रमातली माणसं आता नव्वदीच्या पुढची. लहानपणी व्हिएन्नातून निसटलेली, कुणाचे आईबाप गेले, कुणाचं सगळं घर. त्यांनी सत्तर वर्षं जर्मन भाषा तोंडात घेतली नाही, मुलांना शिकवली नाही. आणि आता म्हातारपणी विसरायला लागल्यावर इंग्रजी गळून पडते आणि जर्मनच उरते. मग नर्सला कळत नाही, मुलांना कळत नाही.

"मग तू काय करणार?"

"शेजारी बसणार. ते बोलतील ते ऐकणार."

"बस, एवढंच?"

"त्याचंच शिक्षण दिलं आम्हाला तीन आठवडे. माणूस बोलायचा थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. बहुतेक वेळा तो माणूस सातव्या-आठव्या आकड्याला खरं बोलतो."

म्हणजे काल गाडीत हा दहापर्यंत मोजत होता! मला वाटत होतं पोरगं कंटाळलंय. मला हसू आलं आणि रागही आला. "माझ्यावर प्रॅक्टिस करतोस होय रे?" मी म्हणालो. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

शनिवारी पहाटे उठून साडेसहाला निघालो. संध्याकाळी त्याचं विमान होतं. अल खोरहून उत्तरेला मदिनत अश शमालपर्यंत साधारण अर्धा तास, तिथून पश्चिमेला वळून झुबारा. वाटेत खायला फारसं काही नाही, तेव्हा शमालमध्येच पोटपूजा उरकून घ्या. मशिदीमागच्या गल्लीत केरळी माणसाचं छोटं हॉटेल आहे, पराठा आणि चण्याची भाजी, गरम आणि भरपूर. पराठा तुपातला नाही ना, हे मी तीनदा विचारून त्या माणसाला वैताग आणला. मला करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा, नीलला बिनदुधाचा सुलेमानी. दोघांचं मिळून एका बर्गरच्या पैशात भागलं.

शेजारच्या टेबलावरून एक माणूस उठून आला. पन्नाशीचा, निळा कंपनीचा शर्ट.

"मराठी का सर? आवाज ऐकला म्हणून आलो. मी बालाजी. परभणीकडचा. पाण्याचा टँकर चालवतो."

बसा म्हटलं. नीलकडे बघून तो म्हणाला, "ह्ये कोण, सायेबाचं लेकरू?"

"माझंच."

"काय सांगता! गोरं हाय की."

"आईवर गेलंय."

बालाजी हसला, मग नीलला न्याहाळत म्हणाला, "माझं बी एवढंच आसंल. बारावीला हाय. मी आलो तवा दुसरीत व्हतं."

नील एकदम मराठीत म्हणाला, "तुम्ही... फोन रोज?"

मी चाट पडलो. माझ्याशी हा असा मराठी बोलत नाही.

"रोज करतो की. पर बोलायचं काय, ह्येच सुचत नाय. जेवला का म्हनून इचारतो. त्यो म्हनतो जेवलो. मंग झालं." बालाजीने खिशातून फोन काढून मुलाचा फोटो दाखवला, माझ्याकडे नाही, नीलकडे धरून. मग टँकर उन्हात उभा आहे म्हणत निघून गेला. आमचे दर रविवारचे फोन याहून काही वेगळे नव्हते. जेवलास का, थंडी आहे का, आई बरी आहे का. मी उरलेला करक एका घोटात संपवला.

झुबारा लांबूनच दिसतो. आजूबाजूला काहीच नाही, त्यामुळे तो जवळ येईपर्यंत किती मोठा आहे याचा अंदाज लागत नाही. चार कोपऱ्यांना चार बुरूज, तीन गोल आणि एक चौकोनी. तो शंभर वर्षांचाही जुना नाही, समुद्रावर नजर ठेवायला बांधलेला. खरं जुनं आहे ते पलीकडे किनाऱ्यावर, वाळूत गाडलं गेलेलं मोत्यांच्या व्यापाऱ्यांचं गाव. आम्ही गेलो तेव्हा तिकीट लागलं नाही. पाणी सोबत न्या, टोपी न्या, आणि सकाळी नऊच्या आत पोचा. त्या दिवशी तिथे आम्ही दोघं आणि एक नेपाळी रखवालदार, बाकी वारा.

दारात शिरताना मी सवयीने वाकलो, उंबरठ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. ही माझ्या वडिलांची, आप्पांची शिकवण. आप्पा कराडला शाळेत पीटी शिकवायचे आणि दर सुटीत पोरांना किल्ल्यावर न्यायचे. गड कुणाचाही असो, कसल्याही जातीधर्माच्या राजाचा असो, पहिल्या पायरीला नमस्कार केल्याशिवाय वर जायचं नाही, आणि दरवाजात उभं राहून हात वर करून गर्जना द्यायची. ज्यांनी तो रचला त्यांना ऐकू जाते, म्हणायचे. झुबाऱ्यात मी गर्जना देत नाही, लोक दचकतात. नमस्कार मात्र चुकत नाही.

वाकून उठलो तर नील माझ्याकडे बघत होता.

आत गार होतं. जाड भिंती, छोटी खोली, मोत्यांच्या व्यापाराची माहिती लावलेली. रखवालदाराला माणसं बघून बरं वाटलं असावं, तो मागे मागे येत होता. अंगणात आल्यावर म्हणाला, "सर, फोटो? फादर-सन?" मी फोन दिला. भिंतीपाशी उभे राहिलो. "स्माइल, सर."

मी हसलो. नील नाही हसला. फोटो काढून झाल्यावर त्याने पिशवीतून एक पाकीट काढलं, पाकिटातून एक फोटो काढला, आणि माझ्या हातात दिला.

मला न बघताही माहीत होतं तो कुठला असणार. दगडी भिंत, भिंतीला टेकून मी, माझ्या खांद्यावर तीन वर्षांचा नील, आणि मी खदखदून हसतोय. माझ्या जुन्या वाचकांनी तो पाहिलाय. ब्लॉगवर तो सोळा वर्षं आहे, 'डॅन्यूबकाठची एक भक्कम गढी' या नावाच्या पोस्टमध्ये.

नील म्हणाला, "ती पोस्ट मी मशीनवर भाषांतर करून वाचली. चौदा वर्षांचा होतो तेव्हा. शाळेची सहल तिथे गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात." मग तो म्हणाला, "बाबा, तिथे उभा होतास तेव्हा ते काय आहे, तुला माहीत होतं?"

वाचकहो, ती गढी नाही. लिंझहून अर्ध्या तासावर माउटहाउझेन नावाचं गाव आहे, त्याच्या डोक्यावर टेकडीवर ती भिंत आहे. ती नाझींची छळछावणी होती. भिंत कैद्यांनी बांधली, खालच्या खाणीतून दगड पाठीवर वाहून. त्या पायऱ्यांवर माणसं मारली गेली, हजारोंनी.

मी म्हणालो, "नाही रे. बोर्ड सगळे जर्मनमध्ये. मला तेव्हा कुठे एवढं वाचता येत होतं? लांबून किल्ल्यासारखं दिसलं म्हणून थांबलो."

रखवालदार फोन परत देऊन सावलीत जाऊन बसला. नील बोलेना. तो मोजतोय हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "चल, ऊन व्हायच्या आत गाव बघून येऊ." आणि चालू लागलो.

किनाऱ्यावरच्या त्या गावात बघायला भिंतींच्या खुणा आहेत, गुडघाभर उंच. हा वाडा, हा बाजार, इथे मशीद. मी गाइडसारखा बडबडत होतो. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"आईचे आजोबा त्या टेकडीच्या खालीच राहायचे," तो म्हणाला. "त्यांच्या खिडकीतून ती भिंत दिसायची. ते मरेपर्यंत म्हणायचे, आम्हाला काही माहीत नव्हतं. आजी तेच म्हणते, की त्यांना माहीत नव्हतं. आणि आता तू. हे सगळं सारखं नाही, मला कळतं. तू कुणाला मारलं नाहीस, ते होऊन साठ वर्षं झाली होती. मी तुला त्यांच्या रांगेत उभं करत नाहीये. पण माझ्या घरात दोन्हीकडून एकच वाक्य येतं. मला एक माणूस हवा होता, जो म्हणेल की मला माहीत होतं."

मी खाली बसलो. त्या पडक्या भिंतीवर बसू नका असं लिहिलेलं आहे, म्हणून वाळूतच बसलो. तोही बसला. आणि या वेळी कुणी आकडे मोजायच्या आधीच मी सांगितलं. सोळा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं, ते सगळं.

आप्पा आणि माझी आई पहिल्यांदा आणि शेवटचे लिंझला आले होते. आप्पांना माझं लग्न मान्य नव्हतं. पंधरा दिवस ते तोंड पाडून बसले होते. सगळं स्वच्छ आहे, पण करायचं काय इथं, म्हणायचे. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना खरा किल्ला दाखवायला घेऊन गेलो. मार्टिनाला, माझ्या बायकोला, हॉस्पिटलात ड्यूटी होती. नील आमच्याबरोबर. तो किल्ला दुरुस्तीसाठी बंद निघाला. परत येताना आप्पांना टेकडीवर ती भिंत दिसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, त्यो काय, किल्ला का?"

मी म्हणालो, "हो."

तोवर चार वर्षं मी लिंझमध्ये काढली होती. मार्टिनाने पहिल्याच वर्षी मला सांगितलं होतं ते काय आहे ते. मला जर्मन चांगलं वाचता येत होतं. माहीत असून मी हो म्हणालो. मला वाटलं, लांबून दाखवू आणि निघू. पण आप्पा कसले ऐकतात! गाडी थांबवायला लावली. पायी वर गेले, त्या वयात, धापा टाकत. दरवाजापाशी वाकले, दगडाला हात लावून कपाळाला लावला. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "दगडकाम बघ की लेका, काय सांधा धरलाय." आणि मग दरवाजात उभे राहून त्यांनी उजवा हात वर केला आणि छाती भरून हर हर महादेव म्हणून आरोळी दिली.

तिथे लोक होते. एक म्हातारी बाई चाकाच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर फुलं. तिने मान वळवून आप्पांकडे बघितलं. नाझींच्या सलामीसारख्या वर गेलेल्या त्या हाताकडे. ते बघणं मी विसरलेलो नाही. तिथला माणूस धावत आला. मी त्याला जर्मनमध्ये म्हणालो, "माफ करा, ते म्हातारे आहेत, त्यांना माहीत नाही."

"म्हणजे मला माहीत होतं," मी नीलला म्हणालो. "पूर्ण माहीत होतं. त्या माणसाला मी तेच सांगितलं. आप्पांना नाही सांगितलं. आप्पांनी विचारलं काय म्हनतोय त्यो, मी म्हणालो, आवाज हळू ठेवा म्हणतोय. मग ते म्हणाले, एक फोटो तर काढू, आणि कॅमेरा त्यांनीच धरला. ते हसत होते म्हणून मी हसलो. घरी गेल्यावर रोज फोन, लिहिलंस का किल्ल्याचं, लिहिलंस का. मग लिहिलं."

मार्टिनाने फोटो पाहिला तेव्हा तिने मला हेच विचारलं होतं, माहीत होतं का. मी नाही म्हणालो. तिला पटलं नाही. भांडण वाढलं तेव्हा मी बोलून गेलो, "तुमच्या माणसांनी केलं ते, आणि खुपतो तो माझा फोटो?" एका फोटोने संसार मोडत नाही. पण त्या वाक्यानंतर आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. आप्पा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांनाही कधी सांगितलं नाही.

नील वाळूत बोटाने रेघा काढत होता. मला वाटलं आता उठेल आणि गाडीकडे चालू लागेल. तो म्हणाला, "मला त्यातलं एक आठवतं."

"तू तीन वर्षांचा होतास."

"कुणीतरी ओरडलं. मी उंचावर होतो. आणि तू माझे घोटे धरले होतेस, ते एकदम घट्ट धरलेस. दुखलं. बाकी काही आठवत नाही. पण दुखलं का, ते मला कधी कळलं नव्हतं."

मी रडलो, लपवत नाही. वाळवंटात लपायला जागा नसते. पोराने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघं तसेच बसलो, ऊन डोक्यावर येईपर्यंत.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, घरी गेल्यावर आधी ती पोस्ट काढून टाकतो. तो जोरात म्हणाला, "नको!" मग समजावलं. दफ्तरखान्यात त्यांना शिकवलंय, चुकीचं पान फाडायचं नाही. फाडलं की चूक झालीच नव्हती असं होतं. पान तसंच ठेवायचं आणि त्यावर लिहायचं, कुणाला कधीपासून काय माहीत होतं. स्वतःच्या नावानिशी.

विमानतळावर दुपारीच सोडलं. दोन डबे उसळ दिली होती, ती सुरक्षातपासणीत घेतील म्हणून त्याने तिथेच बाकावर बसून खाल्ली. आत जाताना मागे वळून मराठीत म्हणाला, "बाबा, जेवून घे." काचेपलीकडे दिसेनासा झाला तरी मी थांबलो होतो. मग एकटा गाडीत बसलो. परतीचा तोच पाच पदरी रस्ता, आणि बोलायला कुणी नाही. गाडीत त्याच्या टोपीतली वाळू सीटवर पडली होती. अजून झाडलेली नाही.

त्यानंतर तीन आठवडे रोज संध्याकाळी ती जुनी पोस्ट उघडून बसायचो आणि बंद करायचो. सबबी भरपूर होत्या. तुम्ही काय म्हणाल, गडप्रेमी काय म्हणतील, मेलेल्या बापाची शोभा कशाला. त्या पोस्टखाली आप्पांची एक प्रतिक्रिया आहे, भाच्याकडून टाइप करून घेतलेली. 'दगडकाम एक नंबर. ज्यांनी केलं त्यांच्या हातांना माझा नमस्कार.' ती वाचली की मनाला वाटतं, बघ, नकळत का होईना, नमस्कार योग्य माणसांना पोचला. पण असं गोड मानून घ्यायचा हक्क मला नाही. त्यांना माहीत असतं तर त्यांनी तो नमस्कार जाणून केला असता आणि हात वर केला नसता. ते मी त्यांच्यापासून हिरावून घेतलं.

गेल्या मंगळवारी कंपनीच्या बसमध्ये होतो. पहाटेची बस, सगळे झोपलेले. नीलचा मेसेज आला. त्याला ज्या बाईंच्या शेजारी बसायचं काम दिलंय, त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या आहेत. पहिले दहा दिवस त्या त्याच्याशी बोलल्याच नाहीत. अकराव्या दिवशी जर्मनमध्ये विचारलं, तू कुठला? लिंझचा, तो म्हणाला. मग बाईंनी, ऑस्ट्रियाहून आलेल्या प्रत्येक पोराला विचारतात तेच, त्यालाही विचारलं. तुझ्या घरच्यांना माहीत होतं?

नीलने लिहिलं होतं, 'मी म्हणालो, आईच्या घरचे म्हणतात माहीत नव्हतं. मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली, आजोबांची, हाताची, सगळी. मी म्हणालो, माझ्या बाबांना माहीत होतं, आणि त्यांनी ते मला स्वतः सांगितलं. त्या खूप वेळ गप्प होत्या. मी मोजत होतो. मग म्हणाल्या, उद्या ये.'

मी तो मेसेज बसमध्ये चार वेळा वाचला. संध्याकाळी खोलीवर आलो, अंघोळसुद्धा न करता बसलो आणि सोळा वर्षांपूर्वीच्या त्या पोस्टच्या वर, माझ्या नावाने, दोन ओळी लिहिल्या. फोटो तसाच आहे, आप्पांची प्रतिक्रिया तशीच आहे. ओळी अशा आहेत.

हा किल्ला नाही. मी हो म्हणालो, तेव्हाही मला ते माहीत होतं.